वर्गणी कोणत्या पेपरला द्यावी?

गेली वीस-पंचवीस वर्षं बातमी फुकट मिळते, अशी सवय आपल्याला लागली होती. आधी संगणकावर आणि पुढे मोबाइलवर, उघडलं की पेपर समोर. आता ही सवय मोडावी लागते आहे. एखादी चांगली बातमी वाचायला घ्यावी, तर चार ओळींनंतर अक्षरं पुसट होत जातात आणि खाली चौकट उमटते : पुढे वाचायचं असेल तर वर्गणीदार व्हा. एका पेपरचं असं, दुसऱ्याचं तसंच. सगळ्यांची वर्गणी भरायची म्हटली तर घरातल्या वाण्याच्या बिलाशेजारी आणखी एक बिल उभं राहील. मग भरायची कुणाची आणि सोडायची कुणाची, हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. बदलापूरच्या पश्चिमेला मांजर्लीसारख्या वस्तीत तो जरा जास्तच टोकदार आहे. कारण इथल्या माणसाला मुंबईची बातमी लागते, ठाणे जिल्ह्याची लागते आणि स्वतःच्या गल्लीची तर लागतेच. आणि या तिन्ही एकाच ठिकाणी क्वचित मिळतात.

आधी हे पैसे का मागतात, ते समजून घेऊ. वर्गणी ही काही नवी कल्पना नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा ते वर्गणीदारांच्याच बळावर उभं होतं. ते बळ तोकडं होतं आणि १८४० मध्ये 'दर्पण' बंद पडलं. पुढे जाहिराती आल्या आणि चित्र पालटलं. आपण छापील अंकाला जी किंमत देतो, तिच्यात कागद, शाई, छपाई, वाहतूक, विक्रेत्याचं कमिशन आणि बातमीदाराचा पगार एवढं सगळं भागत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतो. वाचक पाच-सहा रुपयांत पेपर घेतो आणि महिनाअखेरीला त्याचीच रद्दी विकून थोडे पैसे परत मिळवतो, हे शक्य झालं ते त्यामुळेच.

इंटरनेटवर हे गणित बिघडलं. तिथे जाहिरातीचा मोठा वाटा शोधयंत्रांकडे आणि समाजमाध्यमांकडे गेला. वाचक वाढले, पण त्यांच्यापासून मिळणारं उत्पन्न त्या प्रमाणात वाढलं नाही. अमेरिकेत 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं १९९७ मध्येच आपल्या संकेतस्थळासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं मार्च २०११ मध्ये महिन्याला वीस लेख फुकट आणि पुढच्यासाठी वर्गणी अशी पद्धत आणली, आणि वर्षभरात वीसचे दहा केले. आपल्याकडे ही पद्धत सावकाश आली. तिला जोर मिळाला तो करोनाच्या काळात. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारनं घरोघर अंक टाकण्यावर बंदी घातली. दारात पेपर येईना, तेव्हा आयुष्यात कधी ई-पेपर न उघडलेली माणसंही तो उघडू लागली. एकदा सवय लागली आणि मग तिची किंमत लागली. त्यातही एक विसंगती आहे. छापील वर्तमानपत्रावर जीएसटी नाही; डिजिटल वर्गणीवर मात्र अठरा टक्के आहे. म्हणून जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्ष कापला जाणारा आकडा एकच आहे का, ते पैसे भरण्याआधी पाहून घ्यावं.

आता दुसरी गोष्ट. 'डिजिटल वर्गणी' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि पुष्कळांची फसगत इथेच होते. पहिली वस्तू ई-पेपर. म्हणजे छापलेलं पान जसंच्या तसं पडद्यावर. त्यात बातम्या आहेत, जाहिराती आहेत, नोटिसा आहेत, आणि आपण निवडू ती आवृत्ती आहे. दुसरी वस्तू म्हणजे संकेतस्थळावरचे कुलूपबंद लेख, ज्यांना 'प्रीमियम' म्हणतात. त्यात बहुधा विश्लेषण, शोधबातम्या आणि सदरं असतात. तिसरी वस्तू म्हणजे जाहिरातींचा त्रास कमी करणारं ॲप, किंवा चार सवलतींची एकत्र बांधलेली मोळी, ज्यात बातम्यांबरोबर सिनेमाची नाहीतर जेवण मागवण्याची सूट असते. एकाची वर्गणी भरली म्हणजे दुसरं मिळेलच असं नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा : मी नेमकं काय विकत घेतो आहे? ई-पेपर असेल तर त्यात ठाणे जिल्ह्याची पानं आहेत का? मागचे अंक किती दिवस उघडता येतात? एका खात्यावर घरातले किती फोन चालतात?

आवृत्तीचा प्रश्न बदलापूरकरांसाठी फार महत्त्वाचा. मोठ्या मराठी दैनिकांनी मुंबई आवृत्तीबरोबर ठाणे जिल्ह्यासाठी वेगळी पानं काढली. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची बातमी असते ती बहुधा तिथे. पहिल्या पानावर ती फक्त काही भयंकर घडलं की येते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हा बदलापूर देशभरच्या पहिल्या पानावर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आलं आणि २० तारखेला संतापलेले नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा पुन्हा आलं. मधल्या दिवसांत काय? मधल्या दिवसांत पाणी किती वाजता येतं, नवी लोकल कधी सुरू होते, नगरपालिकेनं कोणता रस्ता कुणाला खोदायला दिला, शाळांच्या सुरक्षेचं पुढे काय झालं, हे सगळं चालूच असतं. त्याची दखल घेणारा बातमीदार ज्या पेपरकडे आहे, तो पेपर आपल्या कामाचा.

तो आहे की नाही, हे कसं ओळखायचं? अगदी सोपी खूण आहे. बातमीच्या डोक्यावर किंवा शेवटी लिहिलेली ओळ वाचायची. तिथे बातमीदाराचं नाव किंवा 'प्रतिनिधी' असेल, आणि सुरुवातीला 'बदलापूर' असं गावाचं नाव असेल, तर ती बातमी त्या पेपरच्या माणसानं मिळवली असण्याची शक्यता अधिक. तिथे 'वृत्तसंस्था' किंवा 'पीटीआय' असेल, तर तीच बातमी थोड्याफार फरकानं दहा ठिकाणी सापडेल आणि त्यातल्या काही ठिकाणी फुकट. वृत्तसंस्थेची बातमी वाईट असते असं मुळीच नाही. दिल्लीतली, परदेशातली बरीच माहिती आपल्याला तिच्यामुळेच मिळते. पण तीच बातमी दोन पेपरांना पैसे देऊन दोनदा कशाला घ्यायची? आणि 'ऑनलाइन टीम' असं लिहिलेल्या पुष्कळ बातम्या तर समाजमाध्यमांवरच्या चित्रफितीवरून बसल्या जागी लिहिलेल्या असतात. त्यांना कुलूप असलं काय आणि नसलं काय.

म्हणून वर्गणी भरण्याआधी एक महिनाभर वही ठेवावी. शाळेची जुनी वही चालेल. तिच्यात रोज फक्त एकच नोंद करायची : आज कोणत्या पेपरमधल्या कोणत्या बातमीचा मला उपयोग झाला, आणि ती दुसरीकडे फुकट मिळाली असती का? उपयोग म्हणजे केवळ काम झालं असं नव्हे. एखाद्या अग्रलेखानं विचार करायला लावलं, एखाद्या सदरानं रविवार चांगला गेला, हाही उपयोगच. महिना संपला की मोजायचं.

समजा, एका पेपरची वर्षाची वर्गणी बाराशे रुपये आहे आणि महिन्याला सरासरी आठ गोष्टी अशा मिळाल्या, ज्या दुसरीकडे मिळाल्या नसत्या. वर्षाला झाल्या शहाण्णव. म्हणजे एक गोष्ट पडली साडेबारा रुपयांना. दुसऱ्या पेपरची वर्गणी निम्मी, सहाशेच रुपये, पण त्यातून महिन्याला एकच गोष्ट हाती लागली. ती पडली पन्नास रुपयांना. आता स्वस्त कोण? सवलतीच्या जाहिरातीत वर्गणीचा आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो. वहीतला आकडा मात्र आपला आपणच काढावा लागतो.

ही वही घरातल्या प्रत्येकाची वेगळी भरेल, हेही लक्षात घ्यायला हवं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर अडुसष्ट किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये उभ्यानं छापील पेपर उघडायची सोय नाही, तेव्हा नोकरदाराला मोबाइलवर नीट वाचता येणारे लेख हवेत. त्याला पानाचं चित्र दोन बोटांनी मोठं करत बसणं जमत नाही. त्यासाठी ई-पेपर गैरसोयीचा. वाटेत नेट गेलं तरी वाचता यावं म्हणून लेख आधी उतरवून ठेवायची सोय ॲपमध्ये आहे का, हे त्यानं पाहावं. घरातल्या आजी-आजोबांचं उलट. त्यांना पानाची ओळख असते : अग्रलेख कुठे, निधनवार्ता कुठे, शब्दकोडं कुठे. त्यांना ई-पेपर मोठ्या पडद्यावर किंवा सरळ छापील अंकच बरा. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलाची गरज तिसरीच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. त्याला जुने लेख शोधून काढता येणं आणि एखादा चांगला इंग्रजी पेपर सलग वाचता येणं महत्त्वाचं. घरात चार माणसं आणि चार वर्गण्या, असं करायची मात्र गरज नाही. बहुतेक घरांना एक मराठी पेपर जिल्ह्याच्या पानांसह आणि फार तर एक बाहेरच्या जगाचा, एवढं पुरतं. तिसरा घ्यायचा तर त्यानं वहीत आपली जागा कमावलेली असावी.

एक गोष्ट सहसा कुणी मोजत नाही. ती म्हणजे नोटिसा. फ्लॅट घेताना किंवा विकताना वकील वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देतो : अमुक मिळकतीवर कुणाचा हक्क, बोजा, तारण असेल तर इतक्या दिवसांत कळवा. गृहनिर्माण संस्थेतला सभासद वारला की वारसांचे हक्क मागवणारी नोटीस येते. विकास आराखड्यातल्या बदलावर हरकती-सूचना मागवल्या जातात, त्यालाही मुदत असते. बदलापुरात गेल्या वीस वर्षांत जितकी घरं उभी राहिली आणि जितके व्यवहार झाले, ते पाहता हा मजकूर म्हणजे नुसती पानं भरण्याची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या १,७४,२२६ होती; त्यानंतर गाव किती पसरलं, ते स्थानकाच्या पुलावर उभं राहिलं तरी दिसतं. आता गंमत अशी, की या नोटिसा संकेतस्थळावरच्या बातम्यांत सहसा नसतात. त्या छापील पानावर असतात आणि म्हणून ई-पेपरमध्ये असतात. ज्याचा जमिनीचा, घराचा, सोसायटीचा काही व्यवहार चालू आहे, त्यानं निदान त्या काळापुरता ई-पेपर घ्यावा. व्यवहार आटोपला की बंद करावा.

ज्यासाठी पैसे देण्याची अजिबात गरज नाही, तेही सांगायला हवं. हवामान खात्याचा इशारा, रेल्वेच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक, परीक्षांचे निकाल, सरकारी भरतीच्या जाहिराती, शासन निर्णय ही मूळ माहिती त्या त्या खात्याकडून फुकट मिळते. पावसाळ्यात उल्हास नदीची पातळी हा मांजर्ली, हेंद्रेपाडा, वालिवलीकडच्या लोकांच्या जिवाभावाचा विषय. बदलापूरला इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर, हे दोन आकडे इथल्या माणसानं पाठ करून ठेवावेत, आणि त्या दिवशीची पातळी प्रशासनाकडून कळली की ताडून पाहावी. तेवढ्यासाठी कुठलीही वर्गणी लागत नाही. वर्गणी लागते ती पुढच्या प्रश्नाला : दरवर्षी पाणी तिथेच का शिरतं, नदीच्या काठावर भराव कुणी घातला, त्याला परवानगी कुणी दिली? याचं उत्तर कुठल्याही खात्याच्या पत्रकात येत नाही. त्यासाठी कुणीतरी कागद मागवावे लागतात, चार वेळा कचेरीत खेपा घालाव्या लागतात. त्या खेपांचे पैसे आपण देत असतो.

आता सापळ्यांविषयी. पहिल्या महिन्याला नाममात्र रक्कम आणि पुढे आपोआप पूर्ण दर, हा सर्वांत जुना सापळा. नूतनीकरणाची रक्कम बारीक अक्षरांत असते, ती आधी वाचावी. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांबाबतचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. त्यांनुसार पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना आली पाहिजे आणि ती परवानगी मागे घेता आली पाहिजे. हा संदेश आपल्याला येतो, पण इतर शंभर संदेशांत तो हरवतो. म्हणून वर्गणी भरली त्याच दिवशी, संपण्याच्या आठवडाभर आधीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी. यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' असा विभाग असतो. कुणाकुणाला आपण अशी परवानगी देऊन बसलो आहोत, त्याची यादी तिथे दिसते. ती वर्षातून दोनदा तरी उघडून पाहावी. पुष्कळांना तिथे विसरलेली नावं सापडतात.

दुसरा सापळा म्हणजे आत जायला एक दार आणि बाहेर पडायला भुलभुलैया. वर्गणी भरताना एक बोट पुरतं, बंद करताना मात्र फोन करा, कारण लिहा, थांबा असं चालतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या पद्धतींची यादी करून त्यांना मनाई केली आहे आणि त्यात वर्गणीचा सापळाही आहे. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. भरण्याआधीच 'बंद कसं करायचं' हे पान शोधून पाहावं. ते सापडत नसेल, तर वर्षाची वर्गणी न भरता महिन्याची भरावी.

मग कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या पेपरांच्या पीडीएफ येतातच की! येतात, खरं आहे. पण ते बेकायदा आहे. असे अंक टेलिग्रामवरून वाटले जात असल्याबद्दल 'दैनिक जागरण'चे प्रकाशक दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा मे २०२० मध्ये न्यायालयानं ते चॅनेल काढून टाकण्याचा आणि चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराची गोष्ट आहे. मोठ्या पेपरला पैसे कमी पडले की कात्री आधी कुठे लागते? मंत्रालय सांभाळणारा बातमीदार राहतो. अंबरनाथ-बदलापूर सांभाळणारा जातो, किंवा एकाच माणसाकडे कल्याणपासून कर्जतपर्यंतचा पट्टा येतो. मग नगरपालिकेच्या सभेला कुणी बसत नाही आणि सभेत काय ठरलं ते आपल्याला रस्ता खोदल्यावर कळतं.

ज्याला खरोखरच पैसे देणं परवडत नाही, त्याच्यासाठी सरळ वाट आहे, ती वाचनालयाची. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि अनेक ग्रंथालयांच्या मुक्तद्वार विभागात कुणीही जाऊन दैनिकं वाचू शकतो. बदलापूरला तर वाचनाची परंपराच आहे. श्याम जोशी यांनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' वाचनालय मराठी वाचकांना दूरवर ठाऊक आहे. चार घरांनी मिळून चार वेगळे छापील पेपर घ्यावेत आणि संध्याकाळी अदलाबदल करावी, ही चाळीतली जुनी पद्धतही अजून मोडीत निघालेली नाही. तिला कुठल्याही पासवर्डची गरज लागत नाही.

आणि छापील अंक एकदम बंद करू नये, असं म्हणण्याला बदलापुरातच एक कारण घडलं आहे. ऑगस्ट २०२४ च्या त्या आंदोलनानंतर शहरातली इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवण्यात आली होती. ज्या वेळी आपल्या गावात काय चाललं आहे हे जाणून घेण्याची सर्वांत जास्त निकड होती, त्याच वेळी मोबाइलवरचा पेपर उघडणं अशक्य झालं. पुरात वीज गेली की असंच होतं. निदान एक अंक कागदाचा दारात यावा, मग तो आठवड्यातले काहीच दिवस का असेना.

शेवटी निवड करताना पेपरच्या नावाचा दबदबा पाहू नये, सवलतीचा आकडाही पाहू नये. माझ्या गावात या पेपरचा माणूस आहे का? त्यानं या महिन्यात मला दुसरीकडे न मिळणारं काय सांगितलं? आणि नको वाटलं तर मला सहज बाहेर पडता येईल का? या तीन प्रश्नांना ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याची वर्गणी भरावी. वर्ष संपताना वही पुन्हा काढावी आणि तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. उत्तरं बदलली असतील, तर वर्गणीही बदलावी. आणि आपल्या भागाची बातमी सलग दोन-तीन महिने आली नाही, तर वर्गणी मुकाट्यानं बंद न करता संपादकांना तसं दोन ओळींचं पत्र लिहून कळवावं. पैसे देणाऱ्या वाचकाचं पत्र सहसा टोपलीत जात नाही.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)